हाकेला येणारा तांबडा

८ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्राला वेगळे मोजून देत नाही. आधी परवाच्या फोनचं निस्तरते. माझा एक कान गेला आहे आणि दुसरा वाटेवर आहे, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द मला पकडता आले, कोंबडा आणि पाय. मी आपली धरून चालले की कोंबड्याचा पाय मोडला. मग काडी लावून, वर चिंधी गुंडाळून पाय कसा बांधायचा ते मी तुला किती वेळ सांगत बसले. तू मध्ये काही बोललीस की मला वाटायचं, ऐकते आहे बिचारी, हूं हूं करते आहे.

फोन ठेवल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, पाय कोंबड्याचा नाही, मामींचा. कोंबडा मारतो त्यांना." तेव्हापासून ती मला बघून पदर तोंडाला लावते. लावू दे. पण तू कसली गं बाई, मला गप्प करायचं सोडून ऐकून घेतलंस. नवऱ्याची थोरली बहीण झाली म्हणून माणसानं किती सोसावं.

आता फोन नको, पत्रच लिही. कागदावर मी बहिरी नाही. बाबू गेल्यापासून तुझं माझं बोलणं म्हणजे जेवलीस का, जेवले, एवढ्यावर आलं आहे. माझा भाऊ गेला, तुझं माझं नातं गेलेलं नाही. तेव्हा नीट लिही. कुठला कोंबडा, कधी मारतो, पुढून की मागून, तेव्हा तुझ्या हातात काय असतं. माझी शाळा चौथीत सुटली, कोंबड्या काही सुटल्या नाहीत. कुणी शिकवलं नाही, जे येतं ते त्यांनीच चोची मारून शिकवलं. विचार.

आक्का


१७ जानेवारी

आक्का,

नमस्कार. पत्र मिळालं.

मारणारा तांबडा. ह्यांनी वाढवलेला. तुम्ही मागे आलात तेव्हा तो ह्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा. कोंबडी अंड्यांवरून मधेच उठली, एकच पिल्लू निघालं, ते ह्यांनी बुटाच्या खोक्यात दिवा लावून जगवलं. नळाच्या कामाला जाताना बरोबर न्यायचे. वायसर आणि पिल्लू एकाच खिशात. लोकांच्या मोरीत वाकले की ते खाली पडायचं.

आता तो मोठा झाला आहे. मागून येतो. आधी एक पंख जमिनीला घासत बाजूबाजूनं चालतो, मग उडून दोन्ही पाय एकदम मारतो. पायामागचा काटा घोट्याजवळ लागतो, कधी बोटांवर. पांढरा कोंबडा त्याच्या भीतीनं कोपऱ्यातून हलत नाही. कोंबड्या सात आहेत. अंडी देतात.

शाळांचे गणवेश शिवायला आले आहेत. दिवसभर मशीनवर असते. मशीनवर बरं असतं, पाय आपोआप चालतात.

लोक विचारतात, कशा आहात. मी बरी म्हणते. तसं वाईटही नाही. काही नाहीच. जेवते, पण भाजीत मीठ घातलं की नाही ते खाऊन कळत नाही.

समोरचे टेंपोवाले परवा म्हणाले, "वहिनी, कापून टाकू का त्याला?" मी नको म्हटलं.

धाकटी


२५ जानेवारी

धाकटे,

वाचलं आणि मनात म्हटलं, हे सगळं आमच्या बाबूनंच करून ठेवलं आहे. रागावू नकोस. ज्या कोंबड्याला माणसानं हातावर वाढवलं, तोच पुढे माणसाच्या अंगावर येतो. आईखाली वाढलेल्या कोंबड्याला माणूस म्हणजे काहीतरी उंच, लांबचं वाटतं, तो वचकून असतो. खिशात वाढलेल्याला वचक कुठून येणार? त्याला वाटतं, हे सगळे आपल्यातलेच, जरा लांब पायांचे. मग अंगात रग आली की तो बघतो, या घरात मोठा कोंबडा कोण. बाबू होता तोवर बाबू होता. आता तो तुझ्याकडे बघतो आहे.

पंख घासत चालतो म्हणतेस, ते त्याचं आव्हान. तेव्हा तू काय करतेस? नक्की मागे सरत असशील. तिथंच फसतं. मागे सरलं की तो जिंकला. आणि लाथ तर मुळीच मारायची नाही, लाथ मारली की त्याला वाटतं, चला, कुस्तीला कुणीतरी मिळालं. जागेवर उभी राहा. हातात बादली धर, तो उडाला की बादली मध्ये घाल, त्याला बादलीशी भांडू दे. बाबूचे ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असतील घरात, ते घाल. मोठे होतील. आत चिंध्या कोंब, शिवणाऱ्या बाईला चिंध्यांची काय वाण.

आणि रोज त्याला उचलायचं. अंधारायला लागलं की तो दांडीवर बसतो, तेव्हा मऊ पडतो. दोन्ही पंख दाबून काखेत घ्यायचा आणि कोंबड्यांच्या देखत फिरवायचा, हट्टी पोराला नळावर नेतात तसा. त्यानं मान खाली टाकेपर्यंत सोडायचा नाही. माझ्याकडचा एक पोस्टमनवर जायचा. पंधरवडाभर काखेत फिरवला, मग पोस्टमन दिसला की तोच तोंड फिरवायचा.

पायाला काय लावलंस ते लिहिलं नाहीस. दुखतं का?

आक्का


९ फेब्रुवारी

आक्का,

नमस्कार. बूट सापडले. एका बुटात ह्यांचा मोजा होता. तो तसाच ठेवला आहे. बूट घातले नाहीत.

काखेत घेते. पहिल्या दिवशी धडपडला, बाहीची शिवण उसवली. आता धडपडत नाही. मान खाली टाकतो. अंग गरम असतं त्याचं. छातीत एकसारखं धडधडत असतं. त्याला घेऊन टाकीपर्यंत जाते आणि परत येते. तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा जास्त वेळ धरते.

तरी मारतो. मध्ये काही दिवस मारलं नाही, मग परत मारलं. काल दोनदा.

पायाला हळद लावली. दुखत नाही.

बोलण्याची सवय गेली आहे. गिऱ्हाईक आलं की कपडा दाखवतं, मी टेप लावते. शाळेच्या बाई म्हणाल्या, तुम्ही किती धीराच्या, एक टिपूस काढला नाहीत. मी त्यांना मापं सांगितली.

धाकटी


१८ फेब्रुवारी

धाकटे,

दुखत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. तू मूळचीच काटक. लग्न होऊन आलीस तेव्हा बोटात सुई आरपार गेली होती आणि तू ती पकडीनं काढून परत मशीनवर बसली होतीस. बाबूच भोवळ येऊन पडला होता. तेव्हा पायाची काळजी मी सोडली.

पण कोंबड्याची काही सोडवत नाही. हे गणित जमत नाही गं. जो काखेत मान टाकतो, तो परत का मारेल? एकदा ज्यानं मान टाकली तो सहसा लांबूनच जातो. याला काहीतरी चिथावतं आहे. तू शोध. एखाद्याला रंग खुपतो, एखाद्याला झाडूचा आवाज. माझ्याकडचा एक पिवळ्या बादलीचा वैरी होता, बादली निळी आणली, संपलं भांडण. तो कधी येतो, त्याच्या आधी काय झालेलं असतं, तुझ्या अंगावर काय असतं, ते ध्यानात ठेवून मला कळव. कोडं असलं की माझी झोप उडते, आणि म्हातारपणी झोप उडाली की सूनबाईची पण उडते.

आणि एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. तू त्याला आमच्या बाबूचा म्हणून सांभाळत असशील, तर माझ्याकडून तुला मोकळीक आहे. टेंपोवाले भले गृहस्थ दिसतात. त्यांना दे.

आक्का


२ मार्च

आक्का,

नमस्कार. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दुसरं कुणी असं विचारणार नाही.

तो रंगावर येत नाही. शब्दावर येतो.

मी ह्यांना कधी नावानं हाक मारली नाही. अहो म्हणायची. दिवसातून किती वेळा म्हणत असेन कोण जाणे. अहो चहा. अहो फोन. अहो दार वाजतंय. हे मागच्या अंगणातून आत यायचे, खिशात तो. मोठा झाल्यावर ह्यांच्या मागे पळत यायचा. आधी हे, मागून तो, असे दोघं दारात. हे म्हणायचे, "एका हाकेत दोन मिळाले, अजून काय हवं?" तो आपलंच नाव समजत होता.

हे गेल्यावर मी तो शब्द बंद केला. ठरवून नाही, झाला. तुम्हाला पटणार नाही, पण त्या शब्दावाचून चालवणं अवघड आहे. भाजीवाल्याला काय म्हणायचं, रिक्षा कशी थांबवायची. मी टाळ्या वाजवते. गिऱ्हाईकाला ऐकलंत का म्हणते.

मग एकदा दूध उतू गेलं. माझे हात मशीनवर कपड्यात अडकलेले. तोंडातून गेलं, अहो, गॅस बघा जरा. आणि अंगणातून पळत येण्याचा आवाज आला. आक्का, मी वळून बघेपर्यंतचा जो वेळ होता, तो मला लिहिता येत नाही.

तांबडा होता. उंबऱ्यावर उभा राहिला. माझ्या मागे बघितलं, दाराबाहेर बघितलं, मग पंख खाली सोडला.

तेव्हा पहिल्यांदा मारलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हाक मारली. तेव्हापासून रोज मारते. काखेत घेऊन फिरवते ते संध्याकाळी, आणि हाक मारते ती सकाळी. म्हणून तुमचं गणित जमत नाही. तो येतो, बघतो, मारतो. मारू दे. येतो.

पायाचं लिहायचं राहिलं. मी खोटं लिहिलं नव्हतं. खरंच दुखत नाही. साखर किती वर्षांची आहे तुम्हाला माहीतच आहे. पाय कापसात गुंडाळल्यासारखे असतात, चप्पल निघाली तरी घरी आल्यावर कळतं. ह्या आठवड्यात एका पांढऱ्या सदऱ्याला डाग लागला, तेव्हा खाली बघितलं. पायडल ओलं होतं. डाव्या पायाचा अंगठा काळसर झाला आहे, शेजारचं बोटही. वास येतो. मला आधी वाटलं खुराड्याचा आहे, म्हणून खुराडं दोनदा धुतलं.

तेवढंच. सदऱ्याचा डाग निघाला.

धाकटी


७ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वाचलं आणि चष्म्यासकट तशीच सूनबाईकडे गेले. तिनं फोन करून करून तुला गाठलं, मग टेंपोवाल्यांना गाठलं. त्यांनी तुला दवाखान्यात पोचवलं आणि तिथं तुला भरती करून घेतलं, हे कळल्यावर पाणी प्यायले. हे पत्र ते तुला तिथं आणून देतील.

चूक माझी झाली. दुखत नाही म्हणालीस आणि मी खूश होऊन सुईची गोष्ट सांगत बसले. तुझ्या साखरेचं मला ठाऊक होतं. तेव्हा दुखत नाही या शब्दानं मला घाम फुटायला हवा होता. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि कागदावर मी वाचलं नाही. असो. रडायला नंतर वेळ आहे.

डॉक्टर जे कापायचं म्हणतील ते कापू दे. बोट म्हणाले तर बोट. थांबलीस तर ते पाऊल मागतील, मग पाय मागतील. सही करायला घाबरू नकोस, मी तुझ्या जागी असते तर केली असती.

आता कोंबड्याचं. तो माझ्या भावाचा, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. त्याला घरात ठेवायचं नाही. मी सांगितलेले सगळे उपाय मागे घेते. बादली नको, काख नको. त्याला वळण लावून होईल असं आता वाटत नाही, कारण खोड त्याची एकट्याची नाही.

तू म्हणतेस तो येतो. अगं, तो तुझ्याकडे येत नाही. ज्याच्या मागून तो पळत यायचा त्याला बघायला येतो. उंबऱ्यावर उभा राहतो, तुझ्या मागे बघतो, तूच लिहिलं आहेस. सापडत नाही म्हणून तुझ्यावर राग काढतो. तुम्ही दोघं एकाच माणसाला शोधता आहात आणि रोज सकाळी एकमेकांना सापडता आहात. त्यात तुझा पाय जातो आहे.

गंडेताईत बांधणाऱ्यांतली मी नाही, नाहीतर तुला खोटा धीर दिला असता. गेला तो. माझं अंगही तेव्हापासून बधिर आहे, फरक एवढाच की माझ्या घरात बडबड करायला माणसं आहेत.

तुला हाक मारायची असेल तर मला मार. ऐकू येणार नाही, पण लिहिलंस तर येईन. गुडघे कुरकुरतील, त्यांना मी बघून घेते.

आक्का


५ एप्रिल

आक्का,

नमस्कार. घरी येऊन आठवडा झाला. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल राहिलं. डॉक्टर म्हणाले, आता या पायाला साधा ओरखडा जरी झाला तरी मला सांगायला येऊ नका, सरळ आत येऊन झोपा. चांगले आहेत. टेंपोवाल्यांनी मशीनला हाताचं चाक बसवून आणलं. एका हातानं शिवायला सवय व्हायची आहे, टीप वाकडी जाते.

मी नव्हते तेव्हा कोंबड्यांना दाणे तेच घालत होते. त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांवर खुणा आहेत. बोलले नाहीत, मला दिसल्या. मी म्हटलं, तांबड्याला घेऊन जा. त्यांनी परत विचारलं नाही.

काल दुपारी पोतं घेऊन आले. तांबडा सापडेना. खुराड्यावर, खुराड्यावरून टाकीवर, टाकीवरून भिंतीवर. टेंपोवाले घामाघूम झाले. म्हणाले, "वहिनी, याला पकडण्यापेक्षा तुम्ही घर बदला." मी दारात खुर्ची टाकून बसले होते. पायाला बँडेज, म्हणून पाय बादलीत ठेवला होता, तुमच्या बादलीचा एवढा उपयोग झाला. पांढरा कोंबडा पहिल्यांदाच कोपऱ्यातून बाहेर येऊन बघत होता.

मग टेंपोवाले अंगणाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसले, डोक्याला हात लावून. तांबडा भिंतीवर. उन्हं उतरायला लागली होती. तो असा हाती लागणार नव्हता, आणि लागला नाही तर राहणार होता. राहिला असता तर मी आज सकाळी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

मला जे येत होतं ते मी केलं. म्हटलं, "अहो, या जरा."

दोघंही आले.

तांबडा भिंतीवरून उडी टाकून पळत आला. टेंपोवाले "आलो, आलो" म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मागून आले. तांबडा आधी पोचला. माझ्या मागे बघायला त्यानं मान वर केली, तेवढ्यात मी वाकून त्याला उचलला. दोन्ही पंख दाबून काखेत घेतला. तो धडपडला नाही. मान खाली टाकेपर्यंत धरला, मग पुढे केला.

त्यांनी त्याला पोत्यात घातला. टेंपोवाले म्हणाले की ते जिथं माल टाकायला जातात तिथं एकाचं मोठं खुराडं आहे, पंचवीसेक कोंबड्या आहेत, तिथं सोडतो. खरं सांगत होते की मला सांगायचं म्हणून सांगत होते, मी विचारलं नाही.

पोत्याचं तोंड बांधता बांधता ते थांबले. म्हणाले, "वहिनी, मघाशी मलाच हाक मारलीत ना?"

मी हो म्हटलं.

धाकटी